कासमभाईंची राहिलेली शिकार

"साळवी, बाहेर थंडी पडली काय हो?"

कासमभाई परकारांचं माझ्याशी शेवटचं बोलणं सुरू झालं ते या वाक्याने. सप्टेंबर संपत आला होता. मस्कतमध्ये दुपारी डांबर मऊ होत होतं. पण हॉस्पिटलच्या वॉर्डातला एसी असा काही सोडलेला, की अंगावर दोन चादरी घेऊनही त्यांचे ओठ निळसर दिसत होते. एका हाडकुळ्या हाताने ते खिडकीचा पडदा बाजूला करायला सांगत होते आणि बाहेरचं पांढरं ऊन त्यांना बहुतेक दिसत नव्हतं. मी म्हणालो, "पडायला लागलीय, कासमभाई." ते हसले. "मग रफिकला लिवा. म्हणावं, निघ." मी म्हणालो, लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुमच्या ऑफिसात एका गोदामाच्या नकाशात मी डोकं घालून बसलो होतो, तेव्हा गाला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या त्यांच्या गॅरेजमधून फोन आला. पलीकडचा माणूस केरळचा, त्याला हिंदी बेताचंच. "साळवीभाई, कासम खलास," एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला. हा शब्द आम्ही इकडे दिवसातून पन्नास वेळा वापरतो. काम संपलं खलास, पेट्रोल संपलं खलास. त्या दिवसापासून तो माझ्या तोंडातून सहज निघत नाही.

आता दोन महिने होऊन गेले. मस्कतला खरोखरच थंडी पडली आहे. सकाळी अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहिलं की हाफ स्वेटर घालावासा वाटतो. आणि रोज मला तेच आठवतं, की ज्या थंडीसाठी एवढं सगळं थांबवलं, ती थंडी कासमभाईंसाठी आलीच नाही... आणि थांबवणाऱ्यांत मी होतो. हे कधीतरी लिहायला हवं होतं. घरात बायकोला सांगून झालं, तिने माझी समजूतही घातली. पण समजूत ही दुसऱ्यासाठी शिवलेल्या सदऱ्यासारखी असते, कुठेतरी काचतेच.

आमची ओळख झाली ती माझ्या भंगार गाडीमुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एक पाचव्या हाताची जपानी गाडी घेतली होती आणि ती दर पंधरवड्याला मला गालाच्या गॅरेजांच्या गल्लीत नेऊन उभी करायची. तिथल्या एका गॅरेजात कासमभाई फोरमन होते. बॉनेटखाली वाकलेला, पिकल्या दाढीचा, काळ्या हातांचा माणूस. मी गॅरेजच्या फोनवरून बायकोशी बोलत होतो ते ऐकून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "गाव कुठलं?" संगमेश्वरजवळचं, म्हटल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला. त्यांचं गाव खाडीपलीकडे, रत्नागिरी तालुक्यात. "म्हणजे तुमच्या नदीचं पाणी आमच्या दारावरनं जातंय," असं म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून मजुरी घेतली नाही, आणि पुढच्या वेळी दोन्ही दिवसांची एकदम घेतली. हिशेबाला पक्का माणूस! पण त्या दिवसापासून शुक्रवार सकाळ त्यांच्या खोलीवर जायची असं ठरूनच गेलं. गॅरेजच्या मागे, सुट्या भागांच्या गोदामावर त्यांची खोली होती. चार खाटा, एक मोरी, एक ओटा. बाकीचे तिघे सुट्टीच्या दिवशी रुवीच्या बाजारात जात, आणि आम्ही दोघे चहा पीत कोकणावर बोलत बसत असू.

शिकारीचं वेड त्यांनाच. मला मुंगीला वळसा घालायची सवय. पण ते सांगायला लागले की रान डोळ्यांपुढे उभं राहायचं. त्यांच्या वडलांची ठासणीची बंदूक होती. सुगी उरकली की गावची माणसं रान उठवायला निघायची, हाकारी एका अंगाने ओरडत, डबे वाजवत येणार आणि बंदूकवाले दुसऱ्या अंगाला वाटा धरून बसणार. सावज पडलं की बंदूकवाला असो की डबा बडवणारा असो, प्रत्येकाला सारखा वाटा. ज्याचा बार लागला त्याला मुंडी जास्त, तोच त्याचा मान. "कायदा तवाही होता," ते म्हणायचे, "पण कायदा रत्नागिरीत राहायचा, रानात येत नसे." हे सांगताना ते दोन माणसांची नावं घेत. एक वडलांचं, दुसरं धाकट्या भावाचं, रफिकचं. रफिकसारखा नेमबाज खाडीच्या दोन्ही अंगांना नव्हता, असं फार कौतुकाने सांगायचे. त्यामुळे हे दोघे भाऊ पंचवीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत हे मला कळायला बराच काळ गेला.

ते कळलं ते मसिरामुळे. गॅरेजची सरकारी कागदपत्रं फिरवणारा सलीम नावाचा ओमानी माणूस होता, तो मसिरा बेटावरचा. मस्कतहून गाडीने दिवसभर दक्षिणेला जायचं, मग भरती असेल तेव्हा निघणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवायची, तेव्हा कुठे ते बेट. एका शुक्रवारी सलीम खोलीवर आला होता आणि आमची बडबड ऐकून आमच्या सगळ्यांच्या त्या धेडगुजरी हिंदीत म्हणाला, "कासम, मेरा जजीरा में गझाल बहुत. सुबह घर के पास आता." कासमभाईंचा कप हातातच राहिला. बेटावर हरणं! सलीम गेल्यावर ते तो कप ओट्यावर ठेवून आले. मग म्हणाले, "साळवी, कागद हाय काय?"

मी विचारलं, कुणाला पत्र? "रफिकला." आणि मग त्यांनी मला भेकराची गोष्ट सांगितली. दोघे भाऊ तरुण असताना एका पारधीत दोघांच्या बंदुका एकाच भेकरावर एकदमच उडाल्या. सावज पडलं. अंगावर जखम एकच. बार कुणाचा? वडलांनी पाहिलं आणि म्हणाले, रफिकचा. संध्याकाळी वाटे घालताना मुंडी रफिकपुढे ठेवली, तेव्हा साऱ्या गावासमोर कासमभाई बोलून गेले, "हा तर डोळे मिटून बार काढतो, त्याला कसली मुंडी?" माणसं हसली. रफिकने मुंडी उचलली, आपला वाटाही उचलला, आणि दोन्ही परत ढिगावर टाकून तो निघून गेला. आमच्याकडे वाटा परत टाकणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सहा महिन्यांत कासमभाई मुंबईमार्गे इकडे आले. तेव्हापासून दर दोन वर्षांनी सुट्टीवर जायचे, एकाच घराच्या दोन भागांत दोघे राहायचे आणि निरोप बायकांमार्फत जायचे. "घरात आमचं जमायचं नाय आता," ते म्हणाले. "भिंती ऐकतात. बायका ऐकतात. रानात जमेल. पहिल्यांदा इकडं शिकारीला त्याला बोलवतो. तो शिकारीला नाय म्हणायचा नाय."

मी म्हटलं, मग तुम्हीच लिहा की. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेला माणूस, लिहिता येत होतं त्यांना. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. "माज्या हातानं लिवलं तर चौथ्या ओळीत भांडण येईल. तुमच्या हातात राग नाय. तुम्ही लिवा."

असा मी त्या शिकारीचा कारकून झालो. पहिल्या पत्रात क्षेमकुशल नाही, माफी नाही. ओमानात एक बेट आहे, तिथे हरणं आहेत, थंडीत जायचा विचार आहे, तुझं मत कळव. संपलं. मला वाटलं, याला कोण उत्तर देतो! पण महिन्याभरात गॅरेजच्या पोस्ट बॉक्सात उत्तर आलं. तेही वर मायना नाही, खाली सही नाही. एका कागदावर नुसते प्रश्न. जनावर उंचीला केवढं? कळपाने असतं की एकेकटं? झाडी किती? वारा कुठून? बंदूक कसली मिळेल? कासमभाईंनी तो कागद तीनदा वाचला आणि चौथ्यांदा मला वाचायला लावला. "बघा, वारा विचारतोय. वारा विचारणारच तो!" त्या दिवशी त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना खिमा खिलवला.

पुढची काही वर्षं आम्ही दर शुक्रवारी शिकारीला जात होतो असंच म्हणायला हवं. माझा धंदा नकाशे काढायचा. मी ट्रेसिंग पेपरवर बेटाचा नकाशा काढला, फेरीचा धक्का, सलीमचं घर, मधले डोंगर, पाण्याच्या जागा, सगळं मापात. त्याची एक प्रत रफिकला पाठवली. ती परत आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने बाण काढलेले होते, आणि एका कोपऱ्यात लिहिलं होतं, "झाडच नाही तर लपायचं कशामागे?" यावर आम्ही दोन महिने घालवले. कासमभाईंचं म्हणणं, पहाटे वाळूत झोपून राहायचं. रफिकचं म्हणणं, शेळ्यांच्या कळपातून चालत जायचं, हरणाला शेळीची भीती नसते. शेळ्या कुणाच्या? सलीमच्या मावशीच्या. सावज पडल्यावर सुरी घेऊन धावायचं कुणी? जीव असतानाच गळ्यावर सुरी फिरवून जबह झालं पाहिजे, नाहीतर मांस हराम आणि सगळी मेहनत फुकट. कासमभाईंचे गुडघे गेलेले, रफिकला दम लागतो. "मग साळवी धावतील, सुरी पोचवतील," असं एका पत्रात रफिकनेच सुचवलं. मला घाम फुटला. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या दोघा भावांनी मिळून कुणाची तरी चेष्टा केली होती, आणि ती माझी होती याचा मला आनंदच झाला.

मधे एकदा कासमभाई सुट्टीवर गावी जाऊन आले. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, काय मग, बोलणं झालं? ते खाली बघत म्हणाले, "नाय. पडवीत समोर आला. मी उठलो, तोही उठला. मग दोघं आपापल्या दारानं आत." आणि पंधरा दिवसांनी रफिकचं पत्र आलं, "तू आला होतास तेव्हा विचारायचं राहिलं, रात्री तिथे दव पडतं का?" वीस पावलांवर असताना विचारता आलं नाही, म्हणून समुद्र ओलांडून विचारलेलं! मी हसलो. कासमभाईही हसले, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

पहिल्या थंडीत त्यांना रजा मिळाली नाही. दुसऱ्या थंडीत रफिकच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच सुमाराला, माझ्या हातून जे व्हायचं ते झालं. आमच्या ऑफिसात मसिराकडच्या किनाऱ्याच्या एका कामाचे नकाशे आले होते. जेवणाच्या सुट्टीत एका ओमानी इंजिनिअरशी बोलताना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, आम्ही मसिराला हरणं मारायला जाणार आहोत. त्याने घास खाली ठेवला. "गझाल? मम्नू!" बंदी. कित्येक वर्षांपासून बंदी. मारणाऱ्याला तुरुंग, आणि परदेशी असेल तर तुरुंगानंतर थेट विमान. मी संध्याकाळी सलीमला गाठून विचारलं. तो मनमोकळा हसला. "गझाल देखने का, साळवी. मारेगा कौन?" बरोबरच होतं. हरणं आहेत एवढंच तो म्हणाला होता. मारायची म्हणालो ते आम्ही. कोकणी माणसाला रानात जनावर आहे म्हटलं की पुढचं विचारायचं सुचत नाही. आणि पंचवीस वर्षं ओमानात काढलेल्या कासमभाईंनी गाडीच्या प्रत्येक स्क्रूची चौकशी केली असेल, याची केली नव्हती. मी सलीमला हात जोडले आणि म्हटलं, तू काही बोलू नकोस, मी सांगतो.

त्या शुक्रवारी सांगायचं ठरवूनच गेलो. कासमभाई जिन्यातच उभे होते. हातात नवं पत्र. "वाचा," म्हणाले. मी उघडलं. तेच प्रश्न, तोच पेन्सिलीचा बाण. पण वर, पहिल्यांदाच, मायना होता. "भाईस सलाम." बस एवढेच दोन शब्द. ते मला बोट लावून दाखवत होते, जसं काही मला वाचता येत नाही. तुम्हीच सांगा, मी त्या वेळी काय बोलायला हवं होतं? मी म्हणालो, "छान." आणि कागद घेऊन उत्तर लिहायला बसलो. त्यानंतर सांगायला कितीतरी सकाळी मिळाल्या, पण पहिल्या दिवशी गिळलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आणखी मोठी होऊन घशात अडकते. मी स्वतःला समजावत राहिलो की शिकार होणार नाही, पण ती ठरते आहे तोवर हे दोघे बोलताहेत. निघायची वेळ येईल तेव्हा बघू. भाऊ तर येईल ना इकडे, मग हरणं नुसती बघू.

मग एका शुक्रवारची गोष्ट. पत्र लिहून संपलं होतं, मी पाकीट चिकटवत होतो, आणि कासमभाई ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "साळवी, बार रफिकचाच होता. डोळे मी मिटले होते." मी विचारलं, लिहू का हे? अजून पाकीट ओलं आहे, उघडतो. ते वळले आणि जवळजवळ ओरडलेच. "नाय! ते लिवायचं नाय. तुमच्या अक्षरात ते त्याला कशाला? ते मी तिकडं सांगणार. त्याच्या हातात बंदूक असेल तवा सांगणार." मग मऊ होऊन म्हणाले, "त्यासाठीच तर चाललोय. हरणाचं काय, मिळालं मिळालं."

त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की या माणसाला बेट नको आहे, हरीण नको आहे. त्याला एक वाक्य बोलायचं आहे आणि त्यासाठी भाऊ समोर हवा आहे. हे ठाऊक असूनही मी गप्प राहिलो, म्हणून माझी चूक मोठी.

तिसरी थंडी रफिकच्या पासपोर्टाने खाल्ली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पहिल्यांदा काढलेला पासपोर्ट, नावाच्या स्पेलिंगपासून सगळ्यात घोळ. आणि यंदाच्या एप्रिलपासून कासमभाईंचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणत गोळ्या घेतल्या, मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार तर काही महिने. कासमभाईंना अर्धंच सांगितलं होतं, पण अर्ध्यावरून पूर्ण ओळखण्याइतकी इंजिनं त्यांनी उघडली होती. गावी जा म्हटलं तर म्हणाले, थंडीनंतर बघू. त्यांनी मला एकच बजावलं, "आजाराचं पत्रात लिवायचं नाय. कळलं तर तो कीव करायला येईल. मला कीव नको. तो शिकारीला आला पाहिजे." म्हणजे आता माझ्या एकट्या पेनात दोन गोष्टी दडपलेल्या होत्या. एका भावाला बंदीचं माहीत नव्हतं आणि दुसऱ्याला बंदीचंही नाही, आजाराचंही नाही.

जूनमध्ये रफिकचं पत्र आलं. पासपोर्ट हातात पडला होता. त्याने लिहिलं होतं, "लावणीची कामं आहेत, पण पोरं सांभाळतील. तू म्हणशील तर आत्ता येतो. पावसात येतो." मी ते खोलीवर वाचून दाखवलं. कासमभाई खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, लुंगीची गाठ पुन्हा पुन्हा सैल होत होती. त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि मग पुन्हा शिकाऱ्याचा झाला. "आत्ता येऊन काय करणार? समुद्र खवळलेला, फेरी बंद. या उन्हात हरीण तरी बाहेर पडेल काय? लिवा, घाई नको. थंडी पडू दे." माझ्या हातात पेन होतं. मी त्या क्षणी म्हणू शकत होतो, कासमभाई, शिकार नाही, कधीच नव्हती, त्याला नुसता येऊ दे. किंवा काहीही न बोलता खाली एक ओळ वाढवू शकत होतो... ताबडतोब ये. त्यांनी वाचलीही नसती, मान ठेवायचे ते माझ्या अक्षराचा. मी लिहिलं, "घाई नको. थंडी पडू दे." ठळक, सुवाच्य अक्षरात. गॅरेजच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, नोव्हेंबरचा व्हिसा काढायचं कबूल केलं. तो व्हिसा हातात पडला आणि आठव्या दिवशी कासमभाई गेले.

दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. फोनवर रफिकला मीच सांगितलं. आमच्या दोघांचं ते पहिलं बोलणं. त्याच्या मागे पावसाचा आवाज येत होता. त्याने विचारलं, "कवापास्नं आजारी होता?" मी सांगितलं, एप्रिल. त्याने फोन ठेवला.

मला वाटलं होतं, तो आता यायचा नाही. पण व्हिसा होता, तिकीट होतं. नोव्हेंबरात तो मस्कतच्या सीब विमानतळावर उतरला. मी ओळखला कसा म्हणाल तर, कासमभाईंची चाल तशीच्या तशी. डाव्या पायावर किंचित जोर. थेट कबरीवर जाऊ या म्हणाला. तिथे तो दुवा मागत उभा राहिला, मी चार पावलं मागे. उन्हाची धग नव्हती, वारा सुटला होता. त्याने वाऱ्याकडे तोंड करून एकदा डोळे बारीक केले.

मग आम्ही खोलीवर आलो. शुक्रवार होता, बाकीचे तिघे मुद्दाम बाहेर गेले होते. कासमभाईंची खाट अजून कुणाला दिलेली नव्हती. रफिक तिच्या कडेला बसला आणि मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. शिकारीची बंदी, मला ती कधी कळली, मी का गप्प राहिलो, जूनचं पत्र. शेवटी भावाचा निरोपही सांगितला, की बार तुमचाच होता, डोळे त्यांनी मिटले होते, आणि हे ते तुम्हाला बेटावर स्वतः सांगणार होते.

रफिक जमिनीकडे बघत होता. "बार कुणाचा ते मारणाऱ्याला कळतंय, साळवी," तो हळू म्हणाला. "मला ठाऊकच होतं. त्याच्या तोंडनं ऐकायचं होतं." मग तो म्हणाला, "मी पावसात आलो असतो."

एवढंच. चिडला नाही, दोष दिला नाही. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. तो उठला नाही, माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही, आणि ते योग्यच होतं. माफीसुद्धा माणसाने हक्काने मागू नये.

बऱ्याच वेळाने त्याने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. सगळी माझ्या अक्षरातली. त्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "एवढी पत्रं, पण एकातही त्याचा हात नाय. त्याचं अक्षर हाय काय इथं कुठं?" आम्ही शोधायला लागलो. ट्रंकेत कपडे होते, नमाजाची चटई होती, औषधांचे कागद होते, पण ते डॉक्टरच्या अक्षरातले. उशीखाली, खिशांत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कुठेही काही लिहिलेलं नाही. आयुष्यभर पाना धरलेला माणूस, लिहील कशाला? मग रफिक ओट्याकडे गेला. तिथे चौघांचे डबे ओळीने मांडलेले होते, ज्याच्या त्याच्या नावाचे, कारण चार माणसांत साखर पुरत नाही आणि साखरेवरूनच भांडणं होतात. दुधाच्या पावडरीच्या एका जुन्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. वाकड्या, मोठाल्या, शाळकरी अक्षरात.

"कासमची साखर. हात लावू नये."

रफिकने ते मोठ्याने वाचलं. एकदाच हसला, मोठा, अगदी कासमभाईंसारखा. "हा त्याचाच. 'स'ची शेपूट बघा, गुरुजी छडी मारून थकले, ती सरळ झाली नाय." मग तो हसता हसता थांबला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन त्या डब्यापुढे उभा राहिला.

मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळलं, चहा पावडर टाकली, आणि सवयीने माझा हात त्या डब्याकडे गेला. रफिकने माझं मनगट धरलं. "नको," म्हणाला. "मोठा भाऊ नको म्हणतोय." बाकीच्या डब्यांवर बाकीच्यांची नावं होती. आम्ही दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.